आधी पत्ता, मग मार्क!

परीक्षा एकच, पेपर एकच, वेळही तेवढाच. तरीही चिंचोटीतल्या पाचवीच्या मुलाचा अर्धा निकाल पेपर हातात येण्याआधीच लागलेला असतो. कारण सरकारी कागदावर तो ‘शहरी’ आहे. नवोदय विद्यालयाच्या ऐंशी जागा, एक महापालिका आणि एका दिवसाच्या नियमाची ही गोष्ट.

चिंचोटी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? नव्वद टक्के लोकांचं उत्तर ठरलेलं - धबधबा! तुंगारेश्वरच्या जंगलातला तो ट्रेक, ऑफिसच्या ग्रुपने आखलेला (आणि पोलिसांच्या बंदी आदेशामुळे ऐनवेळी बारगळलेला) पावसाळी संडे. उरलेल्या दहा टक्क्यांना आठवतो हायवे. मुंबई-अहमदाबाद रस्त्यावरून भिवंडीकडे वळणारा तो फाटा, ट्रकच्या रांगा आणि खड्डे. मोठमोठे खड्डे!

पण या फाट्याच्या आत एक गाव आहे, हे आपल्या गावीही नसतं. जुनी घरं आहेत, जंगलाच्या बाजूला आदिवासी पाडे आहेत, आणि गेल्या काही वर्षांत उगवलेल्या चाळी आहेत. वसईच्या या पूर्वपट्ट्यातल्या गाळ्यांमध्ये आणि गोदामांमध्ये काम करणारी माणसं तिथे राहतात. कुणी वारली, कुणी कातकरी, कुणी आगरी, कुणी उत्तरेतून दोन वर्षांपूर्वी आलेला. यांची मुलं एकाच वर्गात बसतात. या वर्गातल्या एखाद्या हुशार पोराला खऱ्या अर्थाने चांगली, आणि तीही फुकट, शाळा मिळायची असेल तर रस्ता कोणता? उत्तर आहे, नवोदय. आणि प्रॉब्लेमही तिथेच आहे.

नवोदय म्हणजे काय रे भाऊ?

आपल्यापैकी जे मुंबई-पुण्यात वाढले, त्यांच्यासाठी ‘टफ अ‍ॅडमिशन’ म्हणजे अकरावी. कट-ऑफच्या याद्या, पाव टक्क्याने हुकलेलं कॉलेज, घरातलं सुतकी वातावरण. सरकारने २००८ मध्ये पर्सेंटाइलचा आणि २००९ मध्ये ९०:१०चा फॉर्म्युला आणला होता, तो आठवतोय? दोन्ही हायकोर्टात उडाले. एसएससीवाले विरुद्ध आयसीएसईवाले, केवढा तो गदारोळ!

पण जिल्ह्याच्या गावांमध्ये खरी ‘टफ अ‍ॅडमिशन’ पाचवीतच असते. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालयांची योजना देशभर पसरली. त्याच सुमाराला पहिल्या दोन शाळा सुरू झाल्या, त्यातली एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. कल्पना एकदम साधी. जिल्ह्याला एक शाळा, सहावी ते बारावी, मुलामुलींची एकत्र, निवासी. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं सरकारचं. नववीत गेल्यावर काही मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये जातात. म्हणजे खेड्यातलं पोरगं चौदाव्या वर्षी हिंदी पट्ट्यातल्या हॉस्टेलवर! आपण यालाच पुढे लाखो रुपये भरून ‘एक्स्चेंज प्रोग्रॅम’ म्हणतो.

पालघर जिल्ह्याचं नवोदय माहीमला आहे. (आपलं सिटीलाइटवालं नव्हे, केळव्याजवळचं.) सहावीला जागा ऐंशी. परीक्षा दोन तासांची, शंभर मार्कांची. त्यातले पन्नास मार्क बुद्धिमत्ता चाचणीला, पंचवीस अंकगणिताला आणि पंचवीस भाषेला. पेपर मराठीतही देता येतो. चान्स मात्र एकच. पाचवीत एकदा बसलात की संपलं, रिपीटर चालत नाही.

कोटा कुणासाठी?

नवोदयच्या प्रवेशाचा पाया एका वाक्यात सांगायचा तर, जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. उरलेल्या जागांसाठी गाव आणि शहर दोन्हीकडची मुलं भांडणार. शिवाय एकतृतीयांश जागा मुलींना. अनुसूचित जाती आणि जमातींना जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, पण दोन्ही मिळून ५० टक्क्यांच्या वर नाही. त्याशिवाय केंद्राच्या यादीतल्या ओबीसींना २७ टक्के.

ही योजना मला मनापासून आवडते. उगाच नाही. तुम्ही नुसती मेरिट लिस्ट लावली असती तर माहीमची शाळा पाच वर्षांत वसई, विरार आणि नालासोपाऱ्याच्या क्लासवाल्या मुलांनी भरून गेली असती. मोखाड्याचं आणि जव्हारचं पोरगं दारातही पोचलं नसतं. गावाचा कोटा ठेवल्यामुळे जातीपातीचं, जमातीचं, भाषेचं मिश्रण आपोआप वर्गात उतरतं. कुणाला जात न विचारताही!

पण गाव म्हणजे काय, हे कोण ठरवणार? नवोदयचं माहितीपत्रक सांगतं, २०११च्या जनगणनेत किंवा त्यानंतरच्या सरकारी अधिसूचनेत जो भाग शहरी आहे तो शहरी, बाकी सगळा ग्रामीण. मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली हवीत. आणि आता कळीचा मुद्दा. या तीन वर्षांत तो एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत शिकला असेल, तरी तो शहरी. एक दिवस!

नियम क्रूर वाटतो, पण त्यामागे लॉजिक आहे. नाहीतर शहरातले पालक पाचवीपुरतं पोराचं नाव मामाच्या गावच्या शाळेत घालतील आणि कोट्यातून आत शिरतील. आपण आपल्याला ओळखून आहोत, त्यामुळे यावर वाद नको.

हद्द हलली, मूल तिथेच

३ जुलै २००९ला वसई-विरार शहर महापालिका जन्माला आली. चार नगरपरिषदा आणि ५३ गावं एकत्र करून. गावांनी जोरदार विरोध केला, आंदोलनं झाली. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत या विरोधाच्या लाटेवर विवेक पंडित वसईतून आमदार झाले. २०११ मध्ये राज्य सरकारने २९ गावं वगळण्याची अधिसूचना काढली, प्रकरण हायकोर्टात अडकलं, आणि अखेर २०२४ मध्ये सरकारने गावं पालिकेतच ठेवायचं ठरवलं. या पंधरा वर्षांत भांडण झालं ते घरपट्टीवर, पाण्यावर, हिरव्या पट्ट्यावर, बिल्डरांवर. पाचवीतल्या मुलाच्या फॉर्मवर कुणी भांडल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आज चिंचोटी पालिकेच्या हद्दीत आहे. म्हणजे शहर. गंमत बघा, पालिका झाल्यावरही पुढे कितीतरी वर्षं हद्दीतल्या सरकारी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदच चालवत राहिली. शाळेच्या पाटीवर जिल्हा परिषद, मास्तर जिल्हा परिषदेचे, आणि मूल मात्र महापालिकेचं! पाड्यावरून चालत येणाऱ्या त्या मुलाला ना शहरातला क्लास मिळतो, ना गावाचा कोटा.

आता चिंचोटीहून भिवंडीच्या रस्त्याला लागा. कामण ओलांडलं की पोमण लागतं. रस्ता तोच, खड्डे तेच, धूळ तीच. पण पोमणला ग्रामपंचायत आहे. तिथल्या शाळेत तिसरी ते पाचवी केलेली मुलगी ग्रामीण. तिची चिंचोटीतली मावसबहीण शहरी. दोघींचे वडील कदाचित एकाच गाळ्यात कामाला असतील.

थोडं गणित करू. २०११च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याची लोकसंख्या तीस लाखांच्या जवळपास होती. त्यातले बारा लाखांहून जास्त लोक एकट्या वसई-विरार पालिकेत. म्हणजे जिल्ह्यातली दर दहातली चार माणसं. ऐंशीतल्या साठ जागा गावांना गेल्या की उरतात वीस. त्या वीसमध्ये विरारच्या टॉवरमधला, दोन क्लास लावलेला मुलगा आणि चिंचोटीच्या पाड्यावरची मुलगी एकाच रांगेत. शिवाय याच वीस जागांवर गावाकडच्या मुलांचाही हक्क आहेच.

‘पण आदिवासींना वेगळं आरक्षण आहे ना?’ आहे. आणि तोच पाड्यावरच्या मुलीचा मोठा आधार आहे. पालघर जिल्ह्यात ३७ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या आदिवासी आहे, त्यामुळे जागाही भरपूर. पण त्यासाठी हातात जातीचा दाखला पाहिजे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी १९५०च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील, जमीन कधी नावावर झालीच नसेल, तर कातकऱ्याने तो पुरावा कुठून आणायचा? आणि शेजारच्या चाळीतल्या, परराज्यातून आलेल्या मजुराच्या मुलाला तर हाही दरवाजा बंद. उत्पन्नाचा कोटा नवोदयमध्ये नाही. तो गरीब आहे, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आदिवासींसाठीच्या केंद्राच्या एकलव्य निवासी शाळांचंही तेच. २०१८च्या बजेटमध्ये निकष ठरला, ज्या तालुक्यात निम्म्याहून जास्त आदिवासी आणि किमान वीस हजार आदिवासी लोकसंख्या तिथे एकलव्य. वसई तालुका या पन्नास टक्क्यांच्या आसपासही फिरकत नाही. तालुक्याची सरासरी काढली की पाडा गायब!

तिकडे अमेरिकेत

हा पत्त्याचा खेळ फक्त आपल्याकडे नाही. न्यूयॉर्कच्या स्टायव्हसंट हायस्कूलचं नाव ऐकलं असेल. सरकारी शाळा, प्रवेश फक्त एका परीक्षेवर. परीक्षेची ही अट १९७१च्या कायद्यातच घातलेली आहे. २०१९ मध्ये तिथे ८९५ मुलांना प्रवेश देऊ केला, त्यातली कृष्णवर्णीय मुलं किती? सात. हे आकडे आले की दरवर्षी तिथे वादळ उठतं, परीक्षा ठेवायची की काढायची?

व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसन हायस्कूलने २०२०च्या शेवटी ती काढूनच टाकली. त्याऐवजी त्या भागातल्या प्रत्येक मिडल स्कूलला आठवीच्या पटाच्या दीड टक्के जागा राखून दिल्या. वंश विचारायचाच नाही, फक्त कुठल्या शाळेतून आलात ते बघायचं. पहिल्याच वर्षी प्रवेश मिळालेल्यांत आशियाई मुलांचा वाटा ७३ टक्क्यांवरून ५४वर आला. मग पालक कोर्टात गेले. त्यात आपले भारतीय वंशाचे पालकही होते, बरं का! २०२३ मध्ये अपील कोर्टाने शाळेच्या बाजूने निकाल दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने केस ऐकायला नकार दिला.

मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते शिकागो. तिथल्या निवडक सरकारी हायस्कूलमध्ये वंशाचा कोटा २००९ मध्ये बंद झाला. मग त्यांनी अख्ख्या शहराचे जनगणनेतले छोटे छोटे तुकडे घेतले. प्रत्येक तुकड्यात कमाई किती, आईवडील शिकलेले किती, घरं स्वतःची की भाड्याची, घरात कुठली भाषा बोलतात, जवळची शाळा कशी, हे सगळं मोजलं आणि तुकड्यांचे चार स्तर केले. काही जागा थेट गुणवत्तेला, बाकीच्या चारही स्तरांना सारख्या वाटून. प्रत्येक मूल आपल्या स्तरातल्या मुलांशीच स्पर्धा करतं. तिथेही पालक पत्ते बदलतात, तक्रारी होतात. पण शहर म्हणजे एकच ढीग, असं कुणी म्हणत नाही.

आपल्याकडे दोनच डबे, ग्रामीण आणि शहरी. १९८६ मध्ये ते पुरेसे होते. गाव म्हणजे गाव, शहर म्हणजे शहर. मधलं चिंचोटीसारखं काही फारसं नव्हतंच. आता वसईपासून पनवेलपर्यंत अशी कितीतरी गावं आहेत, जी एका अधिसूचनेने रातोरात शहर झाली. नळाचं पाणी यायला वर्षं लागली असतील, नवोदयच्या फॉर्मवर मात्र ती लगेच शहरी झाली. ७५ टक्क्यांना हात लावा असं मी म्हणत नाहीये, प्लीज तसा अर्थ काढू नका. मोखाड्याच्या जागा मोखाड्यालाच हव्यात. पण उरलेल्या वीसमध्ये तरी टॉवर आणि पाडा वेगळे मोजता येतील की नाही? जनगणनेचा तुकड्या-तुकड्यांचा डेटा आपल्याकडेही असतो. निदान पालिकेत नव्याने आलेल्या गावांना काही वर्षांची सवलत? एवढं तरी?

तोपर्यंत, तुमच्या ऑफिसातल्या वॉचमनकाकांची किंवा सोसायटीत कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी या पट्ट्यात चौथीत शिकत असेल, तर त्यांना आत्ताच सांगा. फॉर्म ऑनलाइन असतो आणि फुकट असतो, तो भरून द्यायला अर्धा तास पुरतो. दाखल्यासाठी अर्ज करायचा असेल तर पाचवीची वाट बघू नका. तिसरीपासूनच्या शाळेची नोंद तपासा, मध्ये कुठे शाळा बदलली असेल तर तारखांसकट. आणि शाळा ग्रामीण की शहरी, या रकान्यात काय भरायचं ते मुख्याध्यापकांना विचारूनच भरा. पोमणला ते ‘ग्रामीण’ सांगतील. चिंचोटीला, ‘शहरी’.