घरची वही

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी पेढीवर नवी चोपडी पाटावर येते. कुंकवाचे स्वस्तिक, 'शुभ-लाभ' ही अक्षरे, वर सुपारी आणि रुपया. वर्षभर त्या वहीत पै-पैची नोंद होते. रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान बंद होत नाही. मात्र त्याच घरातील किराणा, लग्नकार्ये आणि मोटारीचे हप्ते यांची वही कोठे असते? बहुतेक घरी ती नसतेच.

आमच्या परिचयातील एका कापड व्यापाऱ्याची ही हकिगत. पेढी नफ्यात होती, घर मात्र कर्जात. धाकट्या कन्येच्या विवाहानंतर दोन वर्षांनी थोरल्या सूनबाईंनी विनयाने विचारले, "पप्पाजी, आपले एकूण देणे किती?" उत्तर कोणाजवळच नव्हते, प्रत्येकाला आपापला तुकडा तेवढा ठाऊक होता. त्या सायंकाळी सारे एकत्र बसले. क्रेडिट कार्डाचे 1 लाख, वैयक्तिक कर्जाचे 4 लाख, दागिन्यांवरील कर्जाचे 2 लाख आणि बाजारातील एका जुन्या स्नेह्याकडून हातउसने घेतलेले 1 लाख. एकूण 8 लाख. सासरे बराच वेळ निःशब्द होते. मग म्हणाले, "गिऱ्हाइकाची उधारी लांबली तर मी माणूस पाठवतो. आणि घरात..." वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही.

आधी काय फेडावे? सासूबाईंचा जीव दागिन्यांत अडकला होता. हिशेब मात्र वेगळे सांगत होता. कार्डावर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज. 1 लाखावर महिन्याचे व्याज 3,500 रुपये आणि त्यावर 18 टक्के दराने जीएसटी 630 रुपये. 'किमान रक्कम' म्हणून 5,000 भरले तरी मुद्दलातून केवळ 870 रुपये वजा होतात. दागिन्यांवरील कर्जाचा दर 10 टक्के होता. आणि याच घराची बँकेत 7 टक्क्यांची मुदत ठेव पडून होती! सात टक्के मिळावेत म्हणून बेचाळीस टक्के मोजण्याचा व्यवहार दुकानात कोणी केला असता का? ठेव मोडून कार्ड चुकते झाले. त्यानंतर वैयक्तिक कर्ज, शेवटी सोने, असा क्रम ठरला.

हातउसन्याला व्याज नव्हते, पण तेथे पत गुंतली होती. सासरे स्वतः स्नेह्याकडे गेले, वस्तुस्थिती सांगितली आणि दरमहा 10,000 रुपये देण्याचे लिहून दिले, तेही धनादेशाने. कारण 20,000 रुपये वा त्याहून अधिक असलेले असे देणे रोखीने फेडणे प्राप्तिकर कायद्याला मान्य नाही.

या अनुभवातून काही नियम घेण्यासारखे आहेत. गल्ल्यातून वाटेल तेव्हा उचल न करता घरखर्चासाठी दरमहा ठरावीक रक्कम घ्यावी. एकट्याच्या मालकीच्या पेढीत दुकानाचे देणे हे मालकाचेच देणे असते, याचा विसर पडू नये. बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खाते मिटवले, तर पत-अहवालात तशी नोंद राहते आणि पुढील कर्ज अवघड होते. भिडेखातर कोणाला जामीन राहण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे की 1872 च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताला परिग्रह-परिमाण म्हणतात. मर्यादा आधी ठरवायची, संग्रह नंतर. घरखर्चालाही हाच क्रम लागू पडतो. आपण मात्र बहुधा आधी खर्च करतो आणि मर्यादेचा विचार हप्ते सुरू झाल्यावर.

गेल्या दिवाळीत त्या घरी पाटावर चोपडीशेजारी दुसरी, लहानशी वही होती. पहिल्या पानावर सासऱ्यांच्या अक्षरात लिहिले होते, 'शिल्लक देणे 2 लाख 60 हजार'. रक्कम अजून शून्यावर आलेली नाही; परंतु आता ती घरातील प्रत्येकाला ठाऊक आहे.