केमो आणि शेक एकदमच का? डोकं-मानेच्या कॅन्सरमधलं वेळेचं गणित

मागच्या भागानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारला. "डॉक्टर म्हणतायत केमो आणि शेक दोन्ही एकदम देऊ. माणूस आधीच अर्धा झालाय. एक संपल्यावर दुसरं दिलं तर नाही का चालणार?"

मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण गेल्या वर्षी माझ्या काकांना घशाचा कॅन्सर निघाला, आणि हाच प्रश्न आमच्याही घरात रोज असायचा. तेव्हा जे वाचलं, विचारलं, ते सांगतो.

आधी एक खुलासा. इथे 'ॲडव्हान्स्ड' म्हणजे गाठ मोठी आहे किंवा मानेतल्या लिम्फ नोड्सपर्यंत पोचली आहे, पण फुप्फुसात वगैरे पसरलेली नाही. म्हणजे उपचार बरं करण्यासाठीच चाललेत. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये सहसा आधी ऑपरेशन होतं. कडेला कॅन्सर उरला असेल किंवा नोडचं आवरण फोडून बाहेर आला असेल, तर नंतर केमो-रेडिएशन. घसा आणि स्वरयंत्रात मात्र पुष्कळदा केमो-रेडिएशन हाच मुख्य उपचार असतो.

आता मुद्दा. रेडिएशन पेशीचा डीएनए तोडतं, आणि पेशी तो दुरुस्त करायला धावते. सिस्प्लॅटिन त्याच डीएनएला प्लॅटिनमच्या गाठी मारून ठेवतं, त्यामुळे दुरुस्ती अडते. (हे औषध सापडलं ते अपघातानेच. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम बघत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं, पण विजेमुळे नाही, तर इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या प्लॅटिनममुळे!) म्हणजे सिस्प्लॅटिन इथे स्वतः कॅन्सर मारतंच, पण त्याचं मोठं काम रेडिएशनची धार वाढवण्याचं. दुरुस्ती चालू असतानाच ते हजर हवं. दोन महिन्यांनी येऊन काय उपयोग?

आकडेही तेच सांगतात. ९३ चाचण्यांमधल्या १७ हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून २००९ मध्ये एक मोठं विश्लेषण आलं. केमो रेडिएशनसोबत दिली तर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ६.५ टक्क्यांनी वाढलं. केमो आधी देऊन मग रेडिएशन दिलं, तर फायदा २.४ टक्के, तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा. फरक मुख्यतः वेळेचा. मला तरी हे थक्क करणारं वाटतं. ६.५ म्हणजे शंभरात सहा-सात माणसं जास्त. कमी वाटतं, पण त्या सहा-सातांत आपला माणूस असू शकतो. सत्तरीच्या पुढे मात्र हा फायदा दिसला नाही, म्हणून आजोबांना केमोचा आग्रह धरण्याआधी हे विचारा.

डोस कसा द्यायचा, यावर टाटा मेमोरियलच्या डॉ. वनिता नोरोन्हा आणि सहकाऱ्यांचं काम २०१८ मध्ये छापून आलं. ३०० रुग्ण, बहुतेकांचं ऑपरेशन झालेलं. निम्म्यांना दर आठवड्याला ३० मिलीग्रॅम, निम्म्यांना तीन आठवड्यांनी १०० मिलीग्रॅम (शरीराच्या दर चौरस मीटरला). दोन वर्षांनी त्या जागी आणि मानेत आजार आटोक्यात होता तो ५८.५ विरुद्ध ७३.१ टक्के रुग्णांमध्ये. मोठा डोस सरस, पण गंभीर त्रासही त्यातच जास्त: ८४.६ टक्के, आणि आठवड्याच्या डोसमध्ये ७१.६. पुढे जपानच्या चाचणीत ऑपरेशन झालेल्यांसाठी आठवड्याला ४० मिलीग्रॅम हा डोस मोठ्या डोसच्या तोडीचा ठरला. तेव्हा 'दर आठवड्याला देतायत' एवढं कळून पुरत नाही, किती देतायत ते विचारा.

आणि त्रास होतोच, लपवण्यात अर्थ नाही. तोंड सोलवटतं, थुंकी गिळणंसुद्धा नको होतं, उलट्या, किडनीवर ताण, कानात आवाज. काकांना चौथ्या आठवड्यात नाकातून नळी घातली, तेव्हा आत्या म्हणाली, "पंधरा दिवस विश्रांती घेऊ दे रे त्याला." मन तेच म्हणतं. पण ७० ग्रे, ३५ वेळा, सात आठवडे हे वेळापत्रक असंच बनलेलं नाही. साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या कॅन्सरपेशी जोरात वाढायला लागतात, आणि सुट्टी त्यांना मिळते. डॉक्टरांनी आत्याला एवढंच सांगितलं: "नळी विश्रांतीसाठीच आहे, शेक चालू ठेवण्यासाठी." मशीन बंद पडलं, सण आला, तर चुकलेला दिवस कसा भरून काढणार हे त्याच दिवशी विचारा.

किडनी किंवा कान कमजोर असल्यामुळे सिस्प्लॅटिन झेपणार नाही, असं सांगितलं तर? पूर्वी अशांना बरेचदा नुसतं रेडिएशन मिळायचं. २०२३ मध्ये टाटा मेमोरियलच्याच चाचणीत अशा रुग्णांना दर आठवड्याला डोसिटॅक्सेलचा छोटा डोस सोबत दिला, आणि दोन वर्षांनी ४१.७ ऐवजी ५०.८ टक्के रुग्ण जिवंत होते. त्रास वाढला, हेही खरं. पण 'सिस्प्लॅटिन नाही' म्हणजे 'केमो नाहीच' असं आता राहिलेलं नाही. हे औषध नावानिशी विचारा.

पुढच्या भागात शेक संपल्यावर तोंड उघडत नाही त्याबद्दल, आणि जबड्याच्या व्यायामांबद्दल. प्रश्न पाठवत राहा.