मेणाचा पातळ थर

गौरी हुण्णिमेला साखरेच्या आरत्या करताना लाकडी साचे आधी पाण्यात भिजवून घ्यायचे, हे आपल्या भागात कानडी घराला सांगावे लागत नाही आणि मराठी घरालाही नाही. साचा कोरडा राहिला की पाक लाकडाला धरतो आणि बाहुली काढताना तिची मान मोडते. बंदुकीच्या कामातही हीच गोम असते, हे मला आमच्या आप्पांच्या रायफलीमुळे कळले.

आप्पांची रायफल वडिलोपार्जित, परवान्याची, अक्रोडाच्या दस्त्याची. खानापूरकडच्या पावसात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. वर्षानुवर्षे असे होऊन दस्त्याच्या खाचेतला पोलादी भाग (ज्यात बोल्ट सरकतो, तो) हलू लागला आणि गोळ्या एका जागी पडेनात. यावर उपाय बेडिंगचा. खाचेत इपॉक्सी भरायची, त्यात पोलादी भाग बसवायचा आणि ती कडक झाली की तो बाहेर काढायचा. खाचेत त्याचा हुबेहूब ठसा उठतो. पण इपॉक्सी लाकडाला धरते तशी पोलादालाही धरते. म्हणून पोलादावर आधी काहीतरी सुटे करणारे लावावे लागते. त्यालाच रिलीज एजंट म्हणतात.

पहिल्या कारागिराने नुसता तेलाचा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी लोखंड आणि लाकूड एकजीव! आप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रींनी ते रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवले. थंडीने पोलाद किंचित आकसले आणि लाकडी हातोडीच्या ठोक्यांनी सुटले. दस्त्याच्या कडेची एक ढलपी मात्र गेलीच.

“अहो आप्पा, तेल एका जागी थांबत नाही. दाब पडला की बाजूला सरकतं,” मिस्त्री म्हणाले. सिलिकॉनचा स्प्रे त्यांना त्याहून नावडता. तो उडून लाकडावर बसतो. मग जिथे इपॉक्सी धरायला हवी तिथेच धरत नाही आणि पुढे पॉलिशलाही डाग पडतात. पीव्हीए हे पाण्यात विरघळणारे द्रव. वाळले की पातळ पापुद्रा होतो, नंतर पाण्याने धुऊन निघतो. चीज चांगली, पण आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात नीट वाळत नाही. अर्धओल्या पापुद्र्याला सुरकुत्या पडतात आणि त्या तशाच ठशात उतरतात.

मिस्त्रींची पसंती मेणाला. (कानडीतही मेणच!) बिनरंगी बूटपॉलिश किंवा फरशीचे घट्ट मेण घ्यायचे. एक हात लावून वाळू द्यायचा, फडक्याने चकाकेपर्यंत घासायचा, मग दुसरा हात. जाड थापले तर ठसा तेवढा सैल होतो. स्क्रूच्या आट्यांनाही मेण हवेच. बहुतेक फजिती तिथेच होते. आधी पोलादाच्या भंगार तुकड्यावर इपॉक्सीचा थेंब टाकून बघायचा, तो सुटला तरच पुढचे काम.

पण पिनांच्या भोकांत, खोबणीत इपॉक्सी शिरून कडक झाली तर कुठलेही मेण कामाचे नाही. ती भोके मुलांच्या खेळण्यातल्या क्लेने बुजवावी लागतात. धक्का सोसणाऱ्या खालच्या कानाला पुढून, बाजूंनी आणि तळाला चिकटपट्टी लावायची. मागची बाजू तेवढी मेणावर सोडायची, कारण गोळी सुटल्यावर ती ठशाला टेकली पाहिजे.

हे घरी करून बघण्याचे काम नव्हे, हेही सांगितले पाहिजे. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्तीलाही परवाना लागतो. आपण एवढेच करावे, की रायफल देताना “काय लावणार?” असे विचारावे.

दुसऱ्या खेपेला आप्पा सकाळपासून मिस्त्रींच्या दारात बसून होते. स्क्रू निघाले, दोन हलके ठोके पडले आणि पोलादी भाग अलगद हातात आला. खाली ठसा काचेसारखा गुळगुळीत. उरलेली पॉलिशची डबी आप्पांनी मागून घेतली. हल्ली ती नातवाच्या शाळेच्या बुटांना लागते.