दगडवाले आणि मातीवाले

पुण्याहून नाशिकच्या वाटेला लागलात आणि राजगुरुनगर मागे टाकलेत, म्हणजे मंचरला जाण्याआधी, अवसरीचा घाट उतरायच्या अलीकडे, पेठ लागते. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावरचे हे गाव. पठार म्हटले की शहरच्या माणसाला पाटासारखी सपाट जमीन दिसू लागते. पण इथल्या बटाटेवाल्याला विचारा. तो म्हणेल, "अहो, सपाट कुठली? सरी जरा उताराच्या बाजूला वळली, की पहिल्याच जोराच्या पावसात वरची माती खालच्याच्या रानात!" बटाटा इथे मुख्यतः पावसावर येतो. म्हणजे पाऊस हवाच, आणि तोच पाऊस माती नेतो. ही या पठाराची जुनी अडचण आहे.

आता पाहा, या उतारावर काम करणारे लोक किती आहेत! ताल घालणारे आहेत, गवंडी आहेत, दगड फोडणारे आहेत, माती उकरणाऱ्या यंत्राचे चालक आहेत, अंगणात फरशी आणि सिमेंटचे ठोकळे बसविणारे आहेत. दुसऱ्या बाजूला रोपवाटिकेवाले, बागेचे माळी, बांधावर झाडे लावणारे. पहिल्यांना आपण दगडवाले म्हणू आणि दुसऱ्यांना मातीवाले. दोघांचे काम एकाच जागेवर चालते, पण बहुधा एकाच वेळी नाही. एकाने काम उरकून पैसे घेतले की दुसरा येतो. दोघांची गाठ पडते ती काही बिघडल्यावर, आणि मग बोलणे कसे होते ते तुम्हांला ठाऊकच आहे.

एका गावातली गोष्ट सांगतो. गावाचे नाव कशाला हवे? शाळेच्या मागे उतार होता. गवंड्याने छान ओळंब्यात भिंत उभी केली आणि मागे माती भरून जागा सपाट करून दिली. पुढच्या वर्षी माळीबुवांनी तिथे फुलझाडे लावली आणि रोज पाणी घातले. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट सुटले. गवंडी म्हणाला, "पाण्याने केलं." माळीबुवा म्हणाले, "भिंतच कच्ची." गुरुजी बिचारे मध्ये उभे. खरे पाहता दोघांचेही म्हणणे अर्धे खरे होते. भिंतीत पाणी बाहेर पडायला एकही भोक ठेवलेले नव्हते. ते का ठेवले नाही? कारण मागे बाग होणार हे गवंड्याला कुणी सांगितलेच नव्हते!

इथे थोडा हिशेब करू. गुरुजींनी तो मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. भिंतीमागे एक मीटर उंच पाणी तुंबले, तर तळाशी दर चौरस मीटरला एक टन दाब येतो. वर पृष्ठभागापाशी तो शून्य असतो, म्हणून एक मीटर लांबीच्या भिंतीवर एकूण रेटा झाला अर्धा टन. आता पाणी दोन मीटर तुंबले तर रेटा किती? एक टन म्हणाल, तर चुकलात. तळाचा दाबही दुप्पट आणि उंचीही दुप्पट, म्हणून रेटा चौपट, म्हणजे दोन टन. शिवाय भिजलेल्या मातीचा भार वेगळाच. जुने ताल घालणारे हे गणित शिकले नव्हते, पण त्यांचा ताल मागच्या मातीकडे किंचित कललेला असे, मधूनमधून आरपार जाणारा लांब दगड असे, आणि दगड चुन्यात बसविलेले नसल्यामुळे पाणी फटींतून आपोआप झिरपून जाई. सिमेंट आले तसे भिंत घट्ट झाली, आणि घट्ट झाली म्हणूनच तिला निचऱ्याची भोके आणि मागे खडीचा थर देणे अवश्य झाले. हे भान मात्र सगळीकडे पोचले नाही.

अंगणाचेही तसेच. शंभर चौरस मीटरच्या अंगणात ठोकळे किंवा फरशी बसविली आणि एक सेंटीमीटर पाऊस पडला, तर हजार लिटर पाणी होते. दोनशे लिटरची पाच पिंपे! पूर्वी त्यातले काही जमीन पीत असे. आता बरेचसे शेजाऱ्याच्या दारात जाते. आणि पाराचे काय सांगावे? पूर्वी पार म्हणजे भोवती दगड आणि आत माती. आता बुंध्याला भिडवून सिमेंट ओततात, वर गुळगुळीत फरशी घालतात आणि मग म्हणतात, लिंब वाळला कसा! फरशीवाल्याचा यात दोष थोडा. बुंध्याभोवती किती जागा मोकळी ठेवावी हे माळ्याला ठाऊक असते, आणि त्याला विचारलेलेच नसते.

ही नुसती भिंतीची आणि पाराची गोष्ट असती तर इतके लिहिलेही नसते. पण याच आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014 रोजी सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गेली. अतिवृष्टी तर होतीच. उतारावर यंत्रांनी केलेली सपाटी कितपत कारणीभूत झाली, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. तो वाद इथे मिटवायचा नाही. एवढे मात्र निर्विवाद की डोंगराच्या अंगाला हात लावणाऱ्या माणसांनी आधी एकत्र बसून बोलले पाहिजे. पश्चिमेकडच्या डोंगरात महादेव कोळी बांधवांची पडकईची जुनी रीत आहे. एकमेकांच्या मदतीने उतारावर भातखाचरे पाडायची. त्यात काम हातांनी आणि सावकाश होई. दगड रचणारा, माती ओढणारा आणि पाण्याची वाट जाणणारा ही सगळी एकाच बांधावर असत. चर्चा काम करता करताच होई. यंत्र आले, काम दिवसांवरून तासांवर आले आणि बोलायला वेळ उरला नाही.

कारागिरांनी एकत्र येणे ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. जुन्नरच्या लेण्यांत सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांत कारागिरांच्या श्रेणींची, म्हणजे संघांची, नावे येतात. बांबूचे काम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे. एका लेखात तर अडुथुम नावाच्या शकाने काही जमीन करंजाची झाडे लावण्यासाठी आणि काही वडाची झाडे लावण्यासाठी दिल्याचे लिहिले आहे, आणि ती व्यवस्था एका श्रेणीकडे सोपविली आहे. झाडाचे काम एकट्यादुकट्याचे नव्हे, संघाचे, हे त्या दात्याला उमगले होते असे दिसते.

आणि जवळचे उदाहरण तर रेडिओचेच आहे. 1956 साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत मंडळे झाली. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळी अर्धा तास ऐकत, मग आपसांत चर्चा करीत, आणि त्यांच्या शंका पुण्याला लिहून पाठवीत. मूळ कल्पना कॅनडातील शेतकरी मंडळांची. या प्रयोगाची पाहणी पॉल न्यूराथ यांनी केली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता तिथल्यापेक्षा, ज्या गावांत ऐकून चर्चा होई तिथल्या लोकांना कितीतरी अधिक उमगले, असे त्यांना आढळले. सांगणारा तोच, सांगणेही तेच. फरक बैठकीचा होता.

तेव्हा पेठेत, किंवा तुमच्या गावात, असे एक मंडळ करायचे तर कसे करावे? पंधरावीस माणसे पुरेत. त्याहून अधिक झाली की सभा होते आणि सभेत भाषणे होतात. निम्मे दगडवाले, निम्मे मातीवाले. यंत्रचालकाला विसरू नका. तो बहुधा तरुण पोरगा असतो आणि उतार कुठे, किती कापायचा हे प्रत्यक्षात तोच ठरवितो. रोपवाटिकेत काम करणाऱ्या बायांनाही बोलवा, आणि बैठकीची वेळ त्यांना सोयीची ठेवा. रात्री नऊची ठेवलीत तर एकही यायची नाही. निमंत्रकाचे काम शाळेच्या गुरुजींनी किंवा बाईंनी घ्यावे. त्यांचा या धंद्यात स्वार्थ नसतो आणि वही लिहायची सवय असते.

बैठक चार भिंतींत घेऊ नये. जिथे काही बिघडले आहे तिथे घ्यावी. फुगलेली भिंत, वाळलेले झाड, वाहून गेलेला बांध. आधी सर्वांनी पाच मिनिटे गप्प उभे राहून पाहावे. हे सर्वांत कठीण आहे, पण करावेच. मग मातीवाल्याने दगडाबद्दल प्रश्न विचारावा आणि दगडवाल्याने मातीबद्दल. "काम कुणी केलं?" हा प्रश्न मात्र बंद. तो एकदा निघाला की पुढच्या बैठकीला निम्मी माणसे येत नाहीत. मजुरीचे दरही तिथे काढू नयेत. ते बोलणे चहाच्या टपरीवर होतेच.

वहीत तीन गोष्टी लिहाव्या: काय पाहिले, काय ठरले, आणि पुढच्या पावसानंतर काय आढळले. तिसरी गोष्ट लिहायची राहते, आणि खरे मोल तिचेच असते. शंका सुटली नाही तर नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारावे. भिंतीचा प्रश्न असेल तर अवसरीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या स्थापत्याच्या अध्यापकांना बोलवावे. पाहुणा आला तरी त्याला आधी भिंत दाखवावी, भाषण मागाहून.

फोनवर गट केलात तरी हरकत नाही. पण सकाळचे "राम राम" आणि फुलांची चित्रे इतकी येतात, की फुगलेल्या भिंतीचा फोटो त्यांत हरवून जातो. निरोपापुरता गट, बोलण्याला बांध, अशी वाटणी बरी.

पहिल्या बैठकीला काय घ्यावे, असे विचाराल तर शाळेचेच आवार घ्या. एक घागर पाणी, एक पहार आणि एक ओळंबा आणायला सांगा. घागर अंगणाच्या वरच्या कोपऱ्यात ओता आणि पाणी कुठे जाते ते सगळ्यांनी मिळून पाहा. भिंत असेल तर तिला ओळंबा लावा. झाडाच्या बुंध्याशी पहार घाला, आणि ती किती आत जाते ते वहीत लिहा. बाकीचे बोलणे आपोआप निघेल.