सोपे गाणे कोणते? कराओकेविषयीचे काही रूढ गैरसमज

गायकाचा आवाज वगळून केवळ वाद्यमेळ ध्वनिमुद्रित केलेल्या ट्रॅकवर गाण्याचा कराओके हा प्रकार आता सोसायटीच्या गणेशोत्सवापासून ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेपर्यंत सर्वत्र रुळला आहे. तरीही माइक पुढे आला की “आम्हाला काही जमायचं नाही” म्हणत मागच्या रांगेत सरकणाऱ्यांची संख्या गाणाऱ्यांपेक्षा नेहमीच मोठी असते. या संकोचामागे स्वभाव असतोच. परंतु पुष्कळदा त्याचे मूळ चुकीच्या गाण्याच्या निवडीत, आणि त्या निवडीमागच्या काही पक्क्या समजुतींत असते.

त्यांतील सर्वांत घट्ट समजूत म्हणजे ज्याचा सूर लागत नाही त्याला सुराचा कानच नाही, ही होय. स्वरांतील उंच-सखलपणा ओळखताच न येणे ही अवस्था खरोखर अस्तित्वात आहे आणि शास्त्रीय परिभाषेत तिला जन्मजात अम्युझिया म्हणतात. मात्र ती लोकसंख्येच्या सुमारे दीड ते चार टक्क्यांतच आढळते, असे आजवरचे अंदाज सांगतात. शॉन हचिन्स आणि इझाबेल पेरेट्झ या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सामान्य माणसांना ऐकवलेला स्वर एकदा गळ्याने आणि एकदा सरकपट्टीसारख्या उपकरणाने जुळवायला सांगितले, तेव्हा उपकरणावर तो स्वर त्यांना कितीतरी अधिक अचूक सापडला. कान स्वर ओळखतो, पण स्वरयंत्राच्या स्नायूंना तो नेमका काढण्याचा सराव नसतो, असा त्याचा अर्थ. अशा माणसाला आपण बेसूर गात आहोत हे कळतेही, आणि त्यामुळेच तो अधिक संकोचतो.

ध्वनिमुद्रणात आपला आवाज ऐकून खचणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. बोलताना किंवा गाताना स्वतःचा आवाज हवेतून कानापर्यंत येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही आतल्या कानात पोहोचतो आणि त्यामुळे तो स्वतःला अधिक भरदार वाटतो. ध्वनिमुद्रणात हे अस्थिवहन नसल्याने आवाज पातळ आणि परका भासतो. श्रोत्यांनी तो पूर्वीपासून तसाच ऐकलेला असतो, त्यामुळे त्यांना त्यात काहीच विशेष वाटत नाही.

संथ गाणे ते सोपे गाणे, ही समजूत मात्र अधिक नुकसान करते, कारण तिच्यात अर्धे सत्य आहे. दल्ला बेल्ला, जिगेर आणि पेरेट्झ यांच्या 2007 च्या अभ्यासात असे दिसले, की अधूनमधून गाणाऱ्या सामान्य माणसांना परिचित गाणे नेहमीपेक्षा संथ लयीत गायला लावले असता त्यांची स्वरांची अचूकता लक्षणीय वाढली आणि बहुतेकजण व्यावसायिक गायकांच्या जवळपास पोहोचले. लय कमी असली की पुढचा स्वर शोधायला गळ्याला अवधी मिळतो, हे यातून कळते. परंतु मुळातच संथ रचलेले चित्रपटगीत ही निराळी गोष्ट आहे. त्यात स्वर लांबवर धरून ठेवावे लागतात, त्यासाठी श्वास पुरावा लागतो, आणि वाद्यमेळ विरळ असल्याने जरासा उतरलेला सूरही उघडा पडतो. कराओकेच्या कार्यक्रमांत नवख्या गायिका हमखास निवडतात ते ‘वह कौन थी’ (1964) या चित्रपटातील मदन मोहन यांचे ‘लग जा गले’ याचे उत्तम उदाहरण आहे. मुखडा, म्हणजे गाण्याचा पुन्हा पुन्हा येणारा आरंभीचा भाग, गुणगुणताना ते अगदी सोपे वाटते. पण लताबाईंनी त्यात घेतलेल्या बारीक हरकती बाजूला ठेवल्या तरी अंतऱ्यात, म्हणजे मुखड्यानंतरच्या कडव्यात, चाल वर चढते, आणि बैठकीत गुणगुणून पाहताना अंतऱ्यापर्यंत कोणी गेलेलेच नसते.

हिंदी-मराठी गीतांच्या रचनेचे हे एक सर्वसाधारण लक्षण आहे. मुखडा बहुधा मध्य सप्तकात फिरतो आणि अंतरा तार सप्तकाकडे, म्हणजे वरच्या ‘सा’कडे, झेपावतो. म्हणून गाणे पारखायचे ते मुखड्यावरून नव्हे, तर त्यातील सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या स्वरांवरून. या दोहोंमधील अंतराला स्वरमर्यादा म्हणता येईल. सराव नसलेल्या गळ्याला साधारण एका सप्तकाची, म्हणजे बारा अर्धस्वरांची, मर्यादा बिनधोक पेलते. तीही योग्य ठिकाणाहून सुरू झाली तरच, हे घरोघरी केक कापताना गायल्या जाणाऱ्या ‘हॅपी बर्थडे’वरून दिसते: ते नेमके एका सप्तकाचे आहे, पण तिसऱ्या ओळीत खालच्या पंचमावरून वरच्या पंचमावर थेट उडी असल्याने, उत्साहाच्या भरात जरा वरून सुरुवात झाली की नाव घेण्याची वेळ येईपर्यंत निम्मी मंडळी किंचाळू लागतात किंवा गप्प होतात.

गायकावरून गाण्याची सुलभता ठरवण्याची पद्धतही अशीच फसवी आहे. मुकेश सोपा, रफी अवघड आणि किशोर कुमार शास्त्रीय शिक्षण न घेतलेला म्हणून आपल्यासारखा, अशी एक ढोबळ विभागणी सर्वत्र प्रचलित दिसते. मुकेश यांच्या बहुतेक गाण्यांत हरकती-मुरक्या कमी आणि शब्द सुटे असतात, त्यामुळे नवख्यांसाठी ती निवड वाजवी ठरते हे मान्य करावे लागेल. फक्त त्या साध्या चालीत लपायला जागा नसते. किशोर कुमार यांनी शास्त्रीय संगीताचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते हे खरे असले, तरी छातीच्या आवाजातून क्षणार्धात खोट्या, बारीक आवाजात जाणारे त्यांचे यॉडलिंग आणि खालच्या स्वरांवरील भरदारपणा या गोष्टी कोणत्याही अर्थाने सोप्या नाहीत. आणि रफींची सर्वच गाणी ‘बैजू बावरा’तील (1952) ‘ओ दुनिया के रखवाले’सारखी तारस्वराला भिडणारी नाहीत.

मूळ पट्टीत गायले तरच गाणे खरे, असे मानणाऱ्यांनी कराओकेचा इतिहास आठवावा. जपानमधील कोबे शहरात मद्यालयांतून गिऱ्हाइकांच्या गाण्याला वाद्याची साथ करणारे दाइसुके इनोउए यांनी 1971 मध्ये नाणे टाकून चालणारे यंत्र तयार केले आणि अशी 11 यंत्रे तेथील मद्यालयांना भाड्याने दिली. त्यांतील ट्रॅक त्यांनी हौशी गळ्यांना झेपतील अशा पट्ट्यांत मुद्रित केले होते. म्हणजे पट्टी बदलणे ही पळवाट नसून या प्रकाराचा पायाच आहे. (इनोउए यांनी त्याचे पेटंट घेतले नाही, 2004 मध्ये त्यांना विनोदी संशोधनासाठीचे इग नोबेल शांतता पारितोषिक मात्र मिळाले.) पट्टी म्हणजे ‘सा’ कोठे धरायचा ते ठिकाण. पेटीच्या भाषेत पुरुषांची पट्टी अनेकदा काळी एकच्या आसपास आणि स्त्रियांची काळी चारच्या आसपास असते, आणि या दोहोंत सात अर्धस्वरांचे अंतर आहे. परिणामी स्त्रीच्या पट्टीतील ट्रॅकवर पुरुष गाऊ लागला, की त्याला एक तर सात अर्धस्वर वर ताणावे लागते किंवा सप्तक बदलून पाच अर्धस्वर खाली बुडावे लागते, आणि दोन्हीकडे गळा हरतो. बहुतेक कराओके यंत्रांत आणि अॅपमध्ये अर्धस्वराच्या पायरीने पट्टी वर-खाली करण्याची सोय असते. अंतऱ्यातील सर्वांत उंच ओळ आधी म्हणून पाहावी, ती ओरडल्याशिवाय येईपर्यंत एकेक अर्धस्वर उतरवावा, आणि मग मुखड्यातील खालचा स्वर ऐकू येण्याजोगा उरतो का ते तपासावे. दोन्ही टोके एकदम सांभाळता येत नसतील, तर गाणेच बदलणे शहाणपणाचे. पाच-सहा अर्धस्वरांहून अधिक बदल केल्यास वाद्यांचा नाद विचित्र होतो, हीही एक मर्यादा आहेच.

युगुलगीतात अर्धेच गायचे म्हणून ते सोपे, असे समजणारे याच कारणाने अडचणीत येतात, कारण तेथे एकाच पट्टीत दोन भिन्न गळे बसवायचे असतात. समूहगीत त्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित असते.

आवाज मोठा ठेवला की चुका झाकल्या जातात, हाही भ्रमच. ट्रॅक स्वतःच्या आवाजापेक्षा मोठा झाला की गायकाला आपला सूर ऐकू येत नाही आणि तो नकळत अधिक जोर लावतो. गोंगाटात आवाज चढवण्याच्या या प्रवृत्तीला फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांच्या नावाने लोंबार परिणाम म्हणतात. ब्लूटूथ स्पीकरमध्ये भर पडते ती विलंबाची: माइकचा आवाज तोंडातून निघाल्यानंतर किंचित उशिरा बाहेर येतो, गायक त्याची वाट पाहू लागतो, आणि ताल सुटल्याचा दोष बिचाऱ्या गाण्यावर जातो. माइक वायरने जोडला की हा प्रश्न बहुतांशी मिटतो.

राहिला प्रश्न धडधडीचा. आधी शांत व्हावे आणि मगच माइक हातात घ्यावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. हार्वर्डमधील ॲलिसन वूड ब्रूक्स यांच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांना कराओकेच्या खेळावर प्रत्यक्ष गायला लावले होते आणि त्याआधी काहींना “मला उत्साह वाटतो आहे” तर काहींना “मला धास्ती वाटते आहे” असे मोठ्याने म्हणायला सांगितले होते. उत्साहाचे वाक्य म्हणणाऱ्यांना यंत्राने ठळकपणे अधिक गुण दिले. धडधड दोन्हीकडे सारखीच होती. अर्थात वाक्य बदलल्याने श्वास लांब होत नाही. घाबरलेल्या माणसाचा श्वास आखूड होतो आणि सर्वांत आधी लांबवलेला स्वरच थरथरतो, म्हणून पहिल्या फेरीसाठी तुटक, छोट्या ओळींचे, मधे वाद्यांचे तुकडे असलेले आणि शब्द तोंडपाठ असलेले मध्यम लयीचे गाणे घ्यावे, आणि मनात घोळत असलेली संथ गझल दुसऱ्या फेरीला ठेवावी.