हवाईची सहल : आधी डोंगर, मग समुद्र

अलीकडे मंडळातली बरीच कुटुंबे सुट्टीत हवाईला जातात, आणि आम्ही जाऊन आलेले म्हणून निघण्यापूर्वी त्यांचे फोन येतात. हॉटेल, गाडी, जेवण याबद्दल कोणीही सांगेल. मी एवढेच विचारतो : माउईवर स्कूबा डायव्हिंग कुठल्या दिवशी ठेवले आहे?

बहुतेकांच्या यादीत एका दिवशी दुपारपर्यंत डायव्हिंग आणि लगेच दुसऱ्या पहाटे हालेआकाला डोंगरावरचा सूर्योदय असतो. हा क्रम धोक्याचा आहे.

समुद्रात ३३ फूट खाली गेले की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत जास्त विरघळतो. वर आल्यावर तो फुप्फुसांवाटे बाहेर पडतो, पण सावकाश. तो पुरता निघण्याआधी आपण उंचावर, म्हणजे कमी दाबाच्या जागी गेलो, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, चक्कर येते. प्रकरण पक्षाघातापर्यंतही जाऊ शकते. अशा वेळी प्राणवायू द्यावा लागतो आणि रुग्णाला दाबाच्या बंद खोलीत ठेवून उपचार करावे लागतात.

विमानाचा नियम पुष्कळांना ठाऊक असतो : एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्यास किमान १८ तास थांबावे. पण विमानाच्या केबिनमध्ये फार तर ८,००० फुटांवरच्या हवेइतका दाब असतो, आणि हालेआकालाचे शिखर आहे १०,०२३ फूट! गाडीतून जातो म्हणून ते कोणाला 'उड्डाण' वाटत नाही, इतकेच. हेलिकॉप्टरच्या फेरीलाही हेच लागू. मी स्वतः पूर्ण २४ तास सोडतो. नुसते स्नॉर्केलिंग पृष्ठभागावरच होते, त्याला ही अट नाही.

म्हणून सूर्योदय सहलीच्या सुरुवातीलाच घ्यावा. मुख्य भूमीवरून आलेल्यांना घड्याळातील फरकामुळे पहाटे तीनला जाग येतेच, तिचा उपयोग होतो! मात्र २०१७ पासून पहाटे ३ ते ७ या वेळेत गाडी आत नेण्यास आगाऊ आरक्षण लागते. हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी एवढ्या उंचीवर जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. नंतर झिपलाइन, मग डायव्हिंग, आणि परतीच्या आधीचा दिवस किनाऱ्यावर लोळायला.

आता विमा. प्रवास विम्याच्या कित्येक पॉलिसींत स्कूबा वगळलेले असते, किंवा ठरावीक खोलीपर्यंतच, प्रशिक्षक बरोबर असेल तरच चालते. भारतातून आलेल्या आई-बाबांच्या पॉलिसीत हे कलम जरूर पाहावे. हवाई रुग्णवाहिकेच्या अवाच्या सवा बिलापासून २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने संरक्षण दिले, पण ते इथल्या नेहमीच्या आरोग्य विम्यापुरते आहे. पाहुण्यांच्या प्रवास विम्याला ते मिळत नाही. तेव्हा डायव्हिंगचे पैसे भरण्यापूर्वी विमा कंपनीकडून उत्तर लेखी घ्या. फोनवरचे 'हो' दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.