दोन पंखांचं सुतारकाम

अंबाजोगाईच्या माझ्या दुकानात दारं-खिडक्या, देव्हारे आणि लग्नसराईत दिवाण ही रोजची कामं. भिंतीलगतच्या फळीवर मात्र ‘टायगर मॉथ’ हे जुनं दोन पंखी विमान उभं आहे. सगळं लाकडी, हातानं केलेलं. दाराचं माप द्यायला आलेला माणूस आधी त्याच्याकडे वळतो. पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: “काका, याला एकावर एक दोन पंख कशाला?”

याचं उत्तर सुतारकामातच आहे. 1903 साली राइट बंधूंनी उडवलेलं विमानही लाकूड, कापड आणि तारांचंच होतं. तेव्हाची इंजिनं कमी ताकदीची. विमान हलकं हवं, पण उचलून धरायला पंखांचं क्षेत्रफळ भरपूर हवं. एकच लांब, पातळ लाकडी पंख हवेच्या जोरानं वाकतो, पिळतो. म्हणून आखूड पंख एकावर एक बसवले, मध्ये उभे दांडे दिले आणि तिरप्या तारा ताणल्या. फाटकाच्या चौकटीत तिरपी पट्टी मारली नाही तर फाटक झुकतं, हे कुठलाही सुतार सांगेल. विमानात ते काम तारा करतात. काही तारा उडताना पंखांना वर वाकू देत नाहीत, काही जमिनीवर त्यांना खाली झुकू देत नाहीत.

टायगर मॉथ ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचं. ते 26 ऑक्टोबर 1931 रोजी पहिल्यांदा उडालं आणि पुढे आठ हजारांहून जास्त विमानं बांधली गेली. इंजिन 130 अश्वशक्तीचं, वेग जास्तीत जास्त ताशी 175 किलोमीटरच्या आसपास. शिकाऊ वैमानिकांसाठीच ते घडवलेलं. आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात राजधानीजवळच्या बेगमपेठच्या तळावर नवे वैमानिक याच विमानावर उड्डाणाचे पहिले धडे घेत होते. भारतीय हवाई दलानं जपलेलं एक टायगर मॉथ 2012 च्या हवाई दल दिनी हिंडनला पुन्हा उडालं.

माझी प्रतिकृती एकास बाराच्या प्रमाणात आहे, म्हणजे मूळच्या एका फुटाला माझा एक इंच. पंखांचा पसारा 29 फूट 4 इंच, तो झाला 29 इंच आणि वर एक तृतीयांश. लांबी 23 फूट 11 इंच, ती दोन फुटांना जराशी कमी. उंची 8 फूट 9 इंच, ती बरोबर पावणेनऊ इंच. फुटपट्टीवर वाढलेल्या हाताला हे प्रमाण लगेच वळतं.

शोभेच्या प्रतिकृतींत पंख बहुधा एका फळीतून कोरून काढतात. मला ते पटत नाही. मूळ विमानाच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असला, तरी पंख लाकडाचेच होते: आत लांब तुळया, त्यांवर ओळीनं फासळ्या, वरून कापड. मीही तसंच बांधतो. पातळ प्लायच्या फासळ्या ढोबळ कापून घ्यायच्या, सगळ्यांची एकच थप्पी लावून शिकंज्यात आवळायची आणि पूर्ण थप्पीवर कानस, मग पॉलिश कागद फिरवायचा. थप्पी सोडली की प्रत्येक फासळीची कमान सारखीच निघते. एक जरी फासळी उंच राहिली, तर आवरण चढवल्यावर तिथं फुगवटा दिसतो आणि तो लपत नाही.

मूळ कापडावर डोप नावाचं रसायन लावत. वाळताना ते कापड ताणून घट्ट करी. मी पातळ टिश्यू कागद चिकटवून त्यावर पाण्याचा फवारा मारतो. वाळता वाळता कागद आकसतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा तणतो. हा ताण सांगाड्याला ओढतो, म्हणून वाळेपर्यंत पंख सपाट पाटावर दाबून ठेवावा लागतो. नाहीतर पीळ पडतो, आणि एकदा पडलेला पीळ निघता निघत नाही.

पंख किंचित मागं झुकलेले आहेत, ते नजाकतीसाठी नाहीत. पुढच्या आसनावरच्या माणसाला पॅराशूटसह चटकन बाहेर पडता यावं, अशी ब्रिटिश हवाई दलाची अट होती. त्याच्या डोक्यावर वरच्या पंखाचा मधला भाग आणि त्यातली इंधनाची टाकी येत होती. तो भाग पुढं सरकवला, पण त्यामुळे तोल बिघडू लागला. मग पंखांची टोकं मागं नेऊन तोल सावरला. सरळ पंख लावलेली प्रतिकृती दिसायला कितीही देखणी असो, तिच्यातून एका माणसाचा जीव वाचवण्याचा विचार गळून गेलेला असतो. तसंच, विमान डावी-उजवीकडं कलतं करणाऱ्या हलत्या फळ्या फक्त खालच्या पंखांना आहेत. वरच्याला लावल्या तर ते टायगर मॉथ राहत नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकणाऱ्या पोरापोरींनी टेबल-खुर्चीबरोबर असा एक पंख बांधून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. लाकडाचा रेषा कुठं जोर देतो, ताण कुठून कुठं जातो, वजन कुठं वाचवायचं, हे सगळं दोन हात लांबीच्या सांगाड्यात कळतं. रंधा आणि पटाशी धरणाऱ्या हातांनी माणसाला आकाशात नेलं. त्या हातांचे वारस आपणही आहोत, आणि हे आपल्या पोरांना ठाऊक असलंच पाहिजे.